डिझेल ट्रकच्या इंजिनातली कूलंट गळती शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मालवाहू ट्रकच्या सहा सिलिंडरी डिझेल इंजिनासाठी आहेत. नेमका आकडा किंवा जागा सांगायची तिथे टाटाच्या जुन्या ट्रकांमध्ये सर्रास दिसणारं कमिन्स ६बीटी, म्हणजे ५.९ लिटरचं बारा व्हॉल्व्हचं इंजिन धरलं आहे. दुसरं इंजिन असेल तर शोधण्याची रीत तीच राहते. टॉर्क (बोल्ट किती जोराने कसायचा तो आकडा), कॅपचा दाब आणि नटबोल्टच्या जागा मात्र त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्याव्यात. ‘पाणी’ आणि ‘कूलंट’ हे शब्द इथे एकाच अर्थाने आले आहेत. निव्वळ पाणी म्हणायचं तिथे ‘साधं पाणी’ असं लिहिलं आहे.

पाणी रोज कमी होतं, पण गाडीखाली एक थेंबही दिसत नाही. सुरुवात कुठून करायची?

मोजण्यापासून. पाणी पाचच वाटांनी जातं: बाहेर, रेडिएटरच्या कॅपमधून, सिलिंडरमध्ये, इंजिन ऑइलमध्ये किंवा एअर कॉम्प्रेसरमधून ब्रेकच्या हवेत. यातली वाट कोणती हे कळण्याआधी पाना हातात घेतला की वॉटर पंप, मग रेडिएटर, मग हेड गॅस्केट (सिलिंडरवरचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधला पातळ थर) अशी एकेक वस्तू बदलली जाते आणि गळती तिथेच राहते.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सपाट जागेवर उभी करून पातळीवर टेप लावा. पाणी भरायचं ते लिटरच्या खुणा असलेल्या बाटलीनेच भरा. वहीत चार गोष्टी लिहा: किती मिलिलिटर घातलं, किती किलोमीटर झाले, गाडी भरलेली होती की रिकामी, रस्ता घाटाचा होता की सपाट. तीन-चार फेऱ्यांत चित्र दिसू लागतं. रात्रभर उभ्या गाडीत पातळी उतरत असेल तर गळती थंडपणीची आहे, म्हणजे बहुतेक क्लिप, होज किंवा ओ-रिंग. फक्त भरल्या गाडीने घाट चढताना पाणी जात असेल तर कॅप, जाम झालेला रेडिएटर किंवा पाण्यात शिरणारा गॅस, यांवर संशय धरा. सपाटीवरही किलोमीटरच्या हिशोबात सारखंच कमी होत असेल आणि बाहेर काहीच ओलं नसेल, तर पाणी आत जळत असण्याची किंवा ऑइलमध्ये जात असण्याची शक्यता मोठी.

बंद, दाबाखालच्या सिस्टिमला रोज पाणी लागता कामा नये. ‘ट्रक आहे, रोज अर्धा लिटर लागायचंच’ हे मान्य करू नका.

कॅप कधी उघडायची?

पाण्याचं तापमान ५० अंशांच्या खाली आल्यावर. काटा दिसत नसेल तर वरचा होज दाबून पाहा. तो हाताला सोसेल इतका गार आणि मऊ झालेला हवा. मग जाड फडकं ठेवून कॅप पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, नंतरच पूर्ण काढा. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर असूनही उकळत नाही. कॅप निघाल्याक्षणी त्याची वाफ होते आणि ती सरळ तोंडावर येते. ड्रायव्हर-क्लीनर भाजण्याचे हे अगदी टाळता येणारे अपघात आहेत.

प्रेशर टेस्ट कशी करायची?

हातपंप, त्यावर दाबाचा काटा आणि कॅपच्या जागी बसणारा अडॅप्टर एवढंच साहित्य लागतं. एक्स्पान्शन टँकला आट्याची कॅप असेल तर त्याचा अडॅप्टर वेगळा मिळतो.

इंजिन थंड असावं, पाणी तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली. कॅपवर जो दाब छापला आहे तेवढाच दाब भरा. ट्रकांवर तो साधारण ०.५ ते १ बार असतो. त्याच्या वर जाऊ नका. प्लास्टिकच्या टाकीचा रेडिएटर किंवा हीटरची जाळी चाचणीतच फुटू शकते. दाब भरला की पंधरा मिनिटं हात लावू नका. काटा हलला नाही तर निदान थंडपणी बाहेरची गळती नाही. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली तर जागा सापडली. काटा उतरतो पण बाहेर सगळं कोरडं, याचा अर्थ पाणी आत जातंय.

एक चाचणी थंड इंजिनावर झाली की तेवढ्यावर थांबू नका. इंजिन गरम करून, बंद करून, दाब आणि तापमान उतरल्यावर कॅप काढा आणि इंजिन कोमट असतानाच पंप पुन्हा लावा. हेडमधली चीर किंवा रेडिएटरच्या नळीचा सांधा धातू तापून ताणला गेल्यावरच उघडतो. उलट क्लिपची गळती गरमपणी गायब होते. दोन्ही वेळा पाहिलं नाही तर अर्ध्या गळत्या निसटतात.

सिलिंडरमध्ये पाणी जात असल्याची शंका असेल तर कॅपएवढा दाब भरून गाडी रात्रभर तशीच ठेवा, पण सकाळी स्टार्टर मारू नका. का, ते पांढऱ्या धुराच्या प्रश्नात सांगितलं आहे.

ओल दिसते, पण नेमकी कुठून येते ते कळत नाही.

ज्या ठिकाणी थेंब पडतो ते गळतीचं ठिकाण बहुतेक वेळा नसतं. पाणी ब्लॉकवरून, वायरिंगवरून, चेसिसच्या कडेवरून वाहत जातं आणि सर्वांत खालच्या बोल्टच्या डोक्यावरून टपकतं. चालत्या इंजिनात पंखा रेडिएटरमधून हवा ओढून मागे फेकतो, त्यामुळे पुढच्या गळतीचे शिंतोडे मागच्या सिलिंडरपाशी दिसतात. म्हणून इंजिन धुऊन कोरडं करा, इंजिन बंद ठेवूनच दाब भरा आणि सर्वांत वरची ओली जागा शोधा. खालची ओल पुसून वर-वर सरकत जा.

वाळलेल्या खुणाही वाचता येतात. तापलेल्या धातूवर पडलेलं पाणी उडून जातं आणि मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा ठेवतं. तो पापुद्रा जिथे सर्वांत जाड, तिथून सुरुवात करा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आसपासची गळती तर थेंबाच्या रूपात दिसतच नाही. तिथे गोडसर वास आणि डाग एवढाच पुरावा असतो.

६बीटीवर या क्रमाने पाहा. वरचा होज आणि थर्मोस्टॅटचं घर. त्यामागे हेड आणि ब्लॉकची जोड, चारही बाजूंनी. मग एक्झॉस्टच्या बाजूला खाली ऑइल फिल्टरचं हेड आणि त्यामागचं ऑइल कूलरचं कव्हर; याचं गॅस्केट पाणी आणि ऑइल दोन्ही सोडू शकतं. मग पुढचा वॉटर पंप. मग खालचा होज, ज्याच्याकडे वाकून पाहायचा कंटाळा केला जातो. दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या दोन बारीक नळ्या, त्यांचे बँजो (आतून पोकळ) बोल्ट आणि तांब्याचे वॉशर. शेवटी ब्लॉकच्या अंगाला ठोकून बसवलेले पत्र्याचे गोल कोअर प्लग.

कोअर प्लगबद्दल थोडं अधिक. साधं पाणी वर्षानुवर्षं वापरलं की ते आतून गंजतात. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढा तांबूस डाग दिसतो आणि स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर आरपार भोक पडतं. एक प्लग गेला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत, हात पोचतो तेवढे सगळे एकदम बदला. ब्लॉकच्या मागच्या तोंडावरचा प्लग फ्लायव्हीलच्या घरामागे झाकलेला असतो. त्याची गळती बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून टपकते आणि ती ऑइल सीलची समजून गिअरबॉक्स उतरवला जातो. थेंब बोटावर घेऊन आधी पाणी की ऑइल ते ठरवा. पाणी असेल तरी गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, पण निदान कोणता भाग आणून ठेवायचा ते कळेल.

वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकाजवळ डाग आहे. पंप बदलू का?

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या आत पाण्याचा सील आणि बेअरिंग यांच्या मध्ये ते उघडतं, सीलमधून निसटलेलं पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर यावं म्हणून. वाळलेला डाग किंवा हलकी रेघ चालते. दाब भरल्यावर थेंबामागून थेंब येत असेल, किंवा बेल्ट काढून पुली वर-खाली हलवल्यावर खेळ जाणवत असेल, तर पंप बदला. भोकात एम-सील किंवा खिळा ठोकून गळती ‘बंद’ केलेले पंप गॅरेजमध्ये येतात. मग पाणी बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं, बेअरिंग जाम होतं आणि बेल्ट रस्त्यात तुटतो.

६बीटीचा पंप दोनच बोल्टवर बसतो आणि त्याचा पंखा थेट ब्लॉकच्या पोकळीत फिरतो. ब्लॉकवरची खाच पितळी ब्रशने साफ करा, नवी ओ-रिंग नीट बसवा, बोल्ट २४ न्यूटन-मीटरला कसा. ओ-रिंगसोबत सिलिकॉन लावायची गरज नाही; जास्तीचं सिलिकॉन आत तुटून पडतं आणि रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं.

सकाळी थेंब पडतात, गाडी गरम झाली की थांबतात. हे काय?

जवळजवळ नेहमी क्लिप. थंडीत रबर आकसतं, क्लिप तशीच राहते, मध्ये फट पडते. नाशिक-धुळ्याकडच्या जानेवारीत ही तक्रार वाढते. क्लिप थंडपणीच कसा. गरम होजवर कसली तर आटे रबरात रुततात आणि होज कापला जातो. कसूनही गळत असेल तर होज उतरवून नळीचं तोंड पाहा. ॲल्युमिनियमच्या तोंडावर पांढरी बुरशी आणि लोखंडी तोंडावर गंजाचे खड्डे पडलेले असतात. बारीक पॉलिश पेपरने ते गुळगुळीत करा. होज टोकाशी कडक होऊन तडकला असेल आणि लांबी पुरेशी असेल, तर तेवढं टोक कापून पुन्हा बसवता येतो. मधूनच फुगलेला किंवा दाबल्यावर करकरणारा होज बदलावाच लागतो. सिलिकॉनच्या होजला स्प्रिंगची, स्वतःहून आवळत राहणारी क्लिप घ्या. साधी क्लिप त्यावर हमखास गळते.

रेडिएटरची गळती दुरुस्त होते का?

तांब्या-पितळेचा असेल तर बहुधा होते. रेडिएटरवाला टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवतो, गळक्या जागी डाग (सोल्डर) देतो, मग पाण्याच्या हौदात बुडवून कॅपएवढी हवा भरतो. ते बुडबुडे स्वतः उभं राहून पाहा. दोन-चार नळ्या बंद केल्या तरी चालून जातं. त्याहून जास्त नळ्या बंद केल्या तर घाटात काटा वर जाणारच.

ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असेल तर गळती बहुतेक वेळा पत्रा दुमडून आवळलेल्या जोडीतून येते, कारण आतलं रबरी सील कडक झालेलं असतं. तिथे बाहेरून एपॉक्सी लावणं म्हणजे पुढच्या घाटापर्यंतची सोय. टाकी काढून सील बदलणारे कारागीर मिळतात, नाहीतर नवा रेडिएटर.

ॲल्युमिनियमला आतून बाहेर टाचणीएवढी भोकं वारंवार पडत असतील तर पाण्यातून वीज वाहते का ते तपासा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल तारेचं टोक पाण्यात, धातूला न लावता. आधी सगळं बंद ठेवून, मग दिवे, पंखा, स्टार्टर एकेक चालू करून वाचन घ्या. ०.१ व्होल्टच्या आत ठीक. ०.३ च्या वर गेलं तर ज्या वस्तूला चालू करताना उडी मारली तिचं अर्थिंग खराब आहे, किंवा कूलंट कधीच मरून गेलेलं आहे. अर्थिंग नीट न करता नवा रेडिएटर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

नुसती कॅप एवढं नुकसान करते?

करते. आणि ती सर्वांत स्वस्त वस्तू असूनही सर्वांत शेवटी तपासली जाते. ०.७ बारची कॅप धडधाकट असेल तर समुद्रसपाटीला साधं पाणीसुद्धा सुमारे ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपची स्प्रिंग मेली, की लोणावळ्याच्या, म्हणजे सुमारे ६०० मीटरच्या उंचीवर तेच पाणी ९८ अंशांना उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडतं. इंजिनात काहीही बिघाड नसताना गाडी पाणी फेकते.

कॅप प्रेशर टेस्टरलाच जोडून तपासता येते. छापील दाबाच्या आसपास ती उघडली पाहिजे आणि त्याखाली दाब धरून ठेवला पाहिजे. तिच्या मधोमध एक छोटा उलटा व्हॉल्व्ह असतो, इंजिन थंड होताना हवा किंवा टाकीतलं पाणी परत आत घेणारा. सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला तर तो व्हॉल्व्ह अडकला आहे. रेडिएटरच्या गळ्याची कड वाकलेली असेल तर नवी कॅपही बसत नाही, तीही बोट फिरवून पाहा.

गाडी पाणी फेकते, बुडबुडे येतात. हेड गॅस्केट उडालं असंच ना?

लगेच हेड उतरवू नका. बुडबुड्यांचा अर्थ पाण्यात कुठून तरी गॅस शिरतोय एवढाच. तो सिलिंडरमधला असेल किंवा ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरमधला. बहुतेक ट्रकांत कॉम्प्रेसरचं हेड इंजिनाच्याच पाण्याने थंड होतं. त्याचं गॅस्केट गेलं की तो पाण्यात हवा ढकलतो आणि लक्षणं हुबेहूब हेड गॅस्केटसारखी दिसतात. हेड उतरवून, प्लेन करून, नवं गॅस्केट टाकून गाडी पुन्हा पाणी फेकू लागते, त्यामागे अनेकदा हेच असतं.

दोन्ही वेगळे असे करायचे. ब्रेकची हवा पूर्ण सोडा. थंड इंजिन सुरू करून आयडलच्या थोडं वर ठेवा आणि रेडिएटरच्या तोंडाशी पाहत राहा. हवेची टाकी भरत असताना बुडबुडे येतात आणि हवा पूर्ण भरून कॉम्प्रेसरचा भार सुटल्यावर थांबतात किंवा अगदी कमी होतात, तर दोष कॉम्प्रेसरचा. हवेच्या काट्याशी काहीच संबंध न ठेवता येत राहतात तर सिलिंडरचा. खात्रीसाठी कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडा आणि दोन-तीन मिनिटंच इंजिन चालवा. बुडबुडे थांबले तर निकाल लागला. कॉम्प्रेसर पाण्याविना याहून जास्त चालवू नका.

सिलिंडरकडे बोट दाखवणारी आणखी चिन्हं अशी. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज दगडासारखा कडक होतो. पाणी तापून दाब वाढायला इतका कमी वेळ पुरत नाही, म्हणजे तो दाब गॅसचा. पंपाने ढवळलेल्या हवेमुळे शंका येत असेल तर थंड इंजिनाचा बेल्ट काढून, पंप थांबवून, दोन मिनिटांच्या आत बुडबुडे पाहून इंजिन बंद करा.

निळ्या द्रवाची गॅस चाचणीही करता येते. रेडिएटरमधलं पाणी पाचेक सेंटिमीटर खाली उतरवा, नळीत निळा द्रव भरा आणि वरची हवा त्यातून ओढा. सिलिंडरचा गॅस असेल तर रंग हिरवट-पिवळ्याकडे झुकतो. रेडिएटरचं पाणी नळीत ओढलं गेलं तर चाचणी वाया. डिझेल इंजिन आयडलला खूप जादा हवा ओढतं, त्यामुळे धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि छोटी गळती रंग बदलत नाही. म्हणून भरलेली गाडी चढावर चालवून आणल्यावर, ती पुरेशी निवू देऊन ही चाचणी करा. रंग बदलला तर गॅस नक्की आहे. बदलला नाही तर गॅस नाही असं मात्र म्हणता येत नाही.

ऑइलमध्ये पाणी आहे हे कसं ओळखायचं, आणि ते कुठून येतं?

डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढली, टोपणाखाली दुधाळ मळी दिसली, तर संशय घ्या. पावसाळ्यात थोड्या अंतरावर फिरणाऱ्या गाडीच्या टोपणाखाली दमटपणाने पातळ पांढरा थर येतो, तो वेगळा. खात्रीसाठी गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू न करता संपचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, ड्रेन प्लग अगदी हळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी साचतं आणि आधी बाहेर येतं. ऑइलची पातळी वाढली आहे पण पाणी येत नाही, उलट ऑइल पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतो, तर शोध इंधनाच्या बाजूला वळवा.

कूलंटमधलं ग्लायकॉल ऑइलमध्ये मिसळलं की त्याचा चिकट गाळ होतो आणि बेअरिंगचं वंगण जातं. हे कळल्यावर इंजिन पुढे चालवू नका. ‘माल उतरवून येतो’ या शंभर किलोमीटरात क्रँक जातो.

६बीटीच्या सिलिंडरांना वेगळे लायनर (पिस्टनभोवतीच्या सुट्या नळ्या) नाहीत, बोअर ब्लॉकमध्येच आहेत. त्यामुळे लायनरच्या ओ-रिंगची गळती इथे संभवतच नाही. राहतात ते ऑइल कूलर, हेड गॅस्केट, हेडमधली किंवा ब्लॉकमधली चीर आणि कॉम्प्रेसर. यांत कूलरची खूण ठळक असते. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ऑइल रेडिएटरमध्ये जातं आणि वर काळा-तपकिरी तवंग येतो. इंजिन बंद झाल्यावर ऑइलचा दाब शून्य होतो, पाण्याचा उरतो, आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. रेडिएटरमध्ये ऑइल आणि ऑइलमध्ये पाणी अशी दोन्ही चिन्हं असतील तर आधी कूलर काढा. त्याची एक वाट बंद करून दुसरीतून साधारण ४.५ ते ५ बार हवा भरा आणि पाण्यात बुडवा.

आमच्या इंजिनाला वेट लायनर, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारे लायनर, आहेत. तेव्हा?

ऑइल आणि संप काढा, संपाच्या जागी खाली स्वच्छ पुठ्ठा पसरा, सिस्टिममध्ये कॅपएवढा दाब भरून काही तास थांबा. पुठ्ठ्यावर डाग कोणत्या सिलिंडरखाली पडतो ते पाहा, मग टॉर्च लावून वर पाहा. लायनरच्या बाहेरच्या अंगाने थेंब येतो तर ओ-रिंग. बोअरच्या आतून, पिस्टनच्या कडेने येतो तर हेड गॅस्केट, हेडची चीर किंवा आरपार झिजलेला लायनर. हा शेवटचा प्रकार कूलंटमधलं रसायन संपल्यावर होतो: लायनर थरथरतो, बाहेरच्या अंगावर बारीक बुडबुडे फुटतात आणि लोखंड खड्डा-खड्डा करून पोखरलं जातं. अशा इंजिनात साधं पाणी वापरणं फार महागात पडतं.

सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. पाणी जळतंय का?

न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो आणि इंजिन गरम झाल्यावर विरतो. पाण्याचा धूर गोडसर वासाचा असतो आणि गरम झाल्यावरही राहतो. सोबत पाण्याची पातळी उतरतेय का हे वहीतून पाहा.

इथला मोठा धोका म्हणजे पिस्टनवर साचलेलं पाणी. ते दाबलं जात नाही, म्हणून स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. शंका असेल तर इंजेक्टर काढा आणि फ्लायव्हीलवरून हाताने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवा. ज्या भोकातून पाणी उडतं तो सिलिंडर सापडला.

ज्या इंजिनांना ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा धूर पाण्याने थंड करणारा भाग) आहे, त्यांत हेडच्या आधी तो कूलर पाहा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ इंजिनांपैकी बरीच यात येतात. त्याची धुराकडची नळी काढा. आत कोरडी काजळी असेल तर ठीक; ओल, चिखल किंवा धुतल्यासारखा स्वच्छ धातू दिसला तर कूलर आतून फुटला आहे. हे पाणी डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) गेलं तर तोही खराब होतो, म्हणून इथे चालढकल नको.

ब्रेकच्या हवेच्या टाकीतून रंगीत पाणी निघतं.

हवेतल्या ओलाव्याचं पाणी बिनरंगी किंवा ऑइलमुळे मळकट असतं. चिकट, हिरवं-गुलाबी पाणी म्हणजे कॉम्प्रेसरच्या हेडमधून कूलंट हवेत आलं. ते ब्रेक व्हॉल्व्हांच्या रबराशी जातं. गाडी रस्त्यावर काढू नका; कॉम्प्रेसर दुरुस्त करा, सगळ्या टाक्या रिकाम्या करा, एअर ड्रायरचा फिल्टर बदला आणि व्हॉल्व्ह तपासून घ्या.

यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) कधी वापरायचा?

प्रेशर टेस्टमध्ये काहीच दिसत नाही पण वही सांगते की पाणी जातंय, तेव्हा. बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घाला, एक-दोन पूर्ण फेऱ्या करून या आणि रात्री अंधारात यूव्ही टॉर्चने पाहा. डाय ऑइलचा आणि कूलंटचा वेगवेगळा असतो, विकत घेताना तपासा.

हळद किंवा लीक-स्टॉप टाकलं तर चालेल?

हळद टाकून गाडी गावापर्यंत आणणारे आहेत, पण तीच पूड रेडिएटरच्या बारीक नळ्यांत, ऑइल कूलरमध्ये आणि थर्मोस्टॅटवर बसते. भोक आणि नळी यांतला फरक तिला कळत नाही. रानात अडकलात आणि दुसरा उपाय नाही, तर गोष्ट वेगळी. त्यानंतर सगळी सिस्टिम धुऊन काढायची तयारी ठेवा. लीक-स्टॉपलाही हेच लागू. हेड गॅस्केटवर तर यातलं काहीच टिकत नाही.

घाटात काटा वर गेला तर?

गाडी सुरक्षित जागी घ्या. पाणी आहे आणि नुसतं तापलंय, तर गिअर काढून आयडलला चालू ठेवा, म्हणजे पाणी फिरत राहील आणि तापमान सगळीकडे सारखं उतरेल. होज फुटून पाणी सांडून गेलं असेल तर तत्काळ बंद करा. एक फसवणूक लक्षात ठेवा: सेन्सरभोवतीचं पाणी निघून गेलं की तो नुसत्या हवेत राहतो आणि काटा खाली येऊ शकतो. काटा अचानक उतरला म्हणून खंबाटकी किंवा कसारा चढत राहिल्याने हेड वाकतं. तापलेल्या रिकाम्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला चीर पडते. पाऊण तास थांबा, मग इंजिन चालू ठेवून थोडं थोडं घाला.

साधं पाणी का नको? बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घालतोय.

सोलापूर, लातूर, मराठवाड्यातल्या अनेक बोअरचं पाणी जड आहे. त्यातला क्षार सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे हेडमध्ये सिलिंडरांच्या मध्ये, थर धरतो. तिथे उष्णता अडते आणि पहिली चीर तिथेच पडते. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइझ्ड पाण्यात कूलंट ५०-५० मिसळा. अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू दाबाशिवायही सुमारे १०८ अंश असतो. आपल्याकडे गोठण्याची चिंता नसली तरी गंजापासूनचा बचाव त्यातल्या रसायनांमुळेच मिळतो. हिरवं आणि गुलाबी असं रंग पाहून ठरवू नका, डब्यावरचा दर्जा इंजिन कंपनीच्या शिफारशीशी जुळवा. आधीचं कोणतं होतं हे माहीत नसेल तर पूर्ण काढून, धुऊन, मग नवं भरा.

काढलेलं कूलंट गटारात किंवा उघड्या घमेल्यात ठेवू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी आहे. गॅरेजमधली कुत्री आणि लहान मुलं ते पितात.

हेड उतरवलंच तर काय तपासावं?

जुनं गॅस्केट फेकण्याआधी नीट वाचा. सिलिंडरच्या भोकाभोवतीच्या कड्याला (फायर रिंगला) कुठे काळा मार्ग पडलाय, ते पाहून दोषी सिलिंडर कळतो. हेड आणि ब्लॉक दोन्हीवर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावा. नुसतं हेड प्लेन करून ब्लॉक न पाहणं ही नेहमीची चूक. हेड मशीन शॉपमध्ये गरम पाण्यात दाब भरून तपासून घ्या, कारण थंडपणी मिटलेली चीर तिथेच दिसते. बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल उरलं तर टॉर्क खोटा लागतो, म्हणून ती हवेने साफ करा. ६बीटीला क्रमाने सगळे बोल्ट ९० न्यूटन-मीटर, मग लांब बोल्ट १२० न्यूटन-मीटर, मग सगळे ९० अंश फिरवून. लांबलेले बोल्ट पुन्हा वापरू नका.

काम झाल्यावर गळती खरंच थांबली हे कसं ठरवायचं?

पाणी हळू भरा. घाईने ओतलं की ब्लॉकमध्ये हवा अडकते आणि नव्या गॅस्केटवर पहिल्याच दिवशी वाफ होते. हवा काढायचा प्लग असेल तर तो उघडा ठेवून भरा, धार आली की बंद करा. थर्मोस्टॅट साधारण ८३ अंशांना उघडू लागतो. वरचा होज अचानक गरम लागेपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, पातळी पुन्हा भरा. मग तीच प्रेशर टेस्ट, थंड आणि कोमट दोन्ही वेळा. त्यानंतर टेपची खूण नव्याने लावा आणि भरल्या गाडीच्या दोन फेऱ्या वहीत लिहा. पहिल्या गरम-थंडीत अडकलेली हवा निघून पातळी थोडी उतरते, ती गळती धरू नका. दुसऱ्या फेरीनंतरही खूण उतरत असेल तर पाचपैकी आणखी एक वाट उघडी आहे, आणि शोध पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरू करावा लागेल.